चरखीचा हंगाम

आमच्या घरात अश्विन महिना पंचांगावरून कळत नाही, मोटारी जळायला लागल्या की कळतो. पाऊस निघून गेलेला असतो, विहिरी भरलेल्या असतात आणि परतूरच्या आसपासचे सगळे शेतकरी एकदम पंप चालू करतात. विजेचा दाब पडतो, मोटारीच्या पोटातली तार जळून काळी होते आणि मग त्या मोटारी टेम्पोतून, मोटारसायकलच्या मागच्या सीटवरून बाजारपेठेतल्या आमच्या वाइंडिंगच्या दुकानापुढे येऊन पडतात. त्यांचा जळका वास, नव्या तारेवर ओतलेल्या व्हार्निशचा गोडसर वास आणि मळणीयंत्रातून उडणारा सोयाबीनचा भुसा, हे सगळं नाकात एकदम शिरलं की मी समजते, आला हंगाम.

यंदाही शाळा सुटल्यावर दुकानावरून घरी येताना तो वास आला. खरं तर ह्या दिवसांत माणसानं खूश व्हावं. दुपार भाजून काढते, पण संध्याकाळी वारा सुटतो. बाजारात धावड्याकडच्या डोंगरातली सीताफळं येतात. पहिल्या वेचणीचा कापूस लोकांच्या ओसऱ्यांत पांढराशुभ्र पसरलेला असतो. पण मला तो वास आला की आधी दमायला होतं. हातातली वह्यांची पिशवी जड लागते. चपला काढताना वाटतं, इथंच पायरीवर बसावं आणि आतून कुणी तरी म्हणावं, चहा ठेवलाय. असं कुणी म्हणत नाही, कारण आमच्या घरात चहा ठेवणारी मीच.

मोटारींचा हा हंगाम तोच माशांचाही हंगाम. हे, म्हणजे माझे यजमान सुधाकर मिस्त्री, यांनी उभं आयुष्य मोटारींना तार गुंडाळण्यात घातलं, पण जीव सगळा दुधना धरणाच्या बॅकवॉटरमध्ये. पावसाळ्यात ते पाणी चहासारखं गढूळ असतं. अश्विनात गाळ खाली बसतो, पाणी निवळतं आणि बुडालेल्या बाभळींचे काळे शेंडे वर दिसायला लागतात. त्या बाभळींच्या बुडाशी शिंगाडे आणि मरळ, असले मोठे मासे बसतात, असं ह्यांचं म्हणणं. दुकान कामानं तुंबलेलं असायचं, गिऱ्हाईक दारात शिव्या घालत बसलेलं असायचं, आणि मिस्त्री रविवारी पहाटे गायब. गिऱ्हाईक मग घरी येऊन मला विचारायचं. मी सांगायची, मोटारीचं सामान आणायला जालन्याला गेलेत. गिऱ्हाईकही हसायचं. सगळ्या परतूरला ठाऊक होतं, ह्यांचं सामान कुठल्या पाण्यात मिळतं ते.

ह्यांना बारके मासे धरण्यात रस नव्हता. "मोठा मासा बारक्या घासासाठी जागचा हलत न्हाई, बाई," म्हणायचे. मी हायस्कूलला मराठी शिकवते म्हणून घरात मला चिडवायला 'बाई'. ह्यांचा घास म्हणजे लाकडाचा मासा. जुन्या सागवानी चौकटीचा तुकडा तासून वीतभर लांबीचा करायचा, पोटातून मोटारीची तांब्याची तार घालून तिला तिहेरी गळ अडकवायचे, बुडायला शिसं ओतायचं आणि वरून दुकानातलं व्हार्निश. डोळे माझ्या नेलपॉलिशचे. माझी बाटली कायम संपलेली असायची आणि डब्यातले मासे लाल डोळ्यांनी माझ्याकडे बघत असायचे. हातात घेतला तर वरवंट्यासारखा जड. पण मिस्त्रींच्या हातून तो असा सुटायचा की बाभळींच्या पलीकडे जाऊन पडेपर्यंत तंगुसाचा, म्हणजे गळाच्या नायलॉन दोरीचा, आवाज कानात येत राहायचा.

एवढं जड लाकूड फेकायचं म्हणजे रॉडवरची चरखी तशी पाहिजे. लोक तिला रीळ म्हणतात, आमच्याकडे चरखीच. ती काही टिकायची नाही. एका हंगामात दांडा वाकायचा, दुसऱ्यात आतले दात झिजायचे. शेवटची चरखी तर मोठा मासा गळाला लागलेला असताना जाग्यावर अडकली. मासा तंगूस तोडून गेला. घरी आल्यावर ह्यांनी ती खोलून ओट्यावर मांडली, बोटानं एकेक तुटका दात दाखवला आणि म्हणाले, "पुढच्या सालाला अशी आणतो का माझ्या मागं राहील."

पुढचा हंगाम आला, पण त्याच्या आधी वैशाख आला. ह्याला आता काही वर्षं झाली.

भर दुपारी दुकानात तार गुंडाळता गुंडाळता ह्यांच्या हातातलं बॉबिन खाली पडलं. रफिकभाईंनी, ह्यांच्या भागीदारानं, उचलून दिलं. ते पुन्हा पडलं. तिसऱ्यांदा उचलायला रफिकभाई वाकले आणि वर बघतात तर मिस्त्रींचं तोंड एका बाजूला ओढलेलं. लकवा. उजवं अंग गेलं. जालन्याच्या दवाखान्यातले दिवस मला सलग आठवत नाहीत. फिनेलचा वास आठवतो, खिडकीतला कूलर आठवतो, आणि ह्यांचा उजवा हात चादरीवर ठेवलेला. तार गुंडाळून गुंडाळून त्या अंगठ्याच्या पेराला घट्टा पडला होता. घट्टा तसाच होता, अंगठा मात्र हलत नव्हता.

घरी आणल्यावर माणसांची रीघ लागली. कुणी म्हणालं कबुतराचं रक्त चोळा, कुणी म्हणालं अमक्या देवीला नेऊन आणा, अमक्याचे चुलते तर तिथून चालत आले. सगळं कसं, पी हळद आणि हो गोरी. डॉक्टरांनी रबरी चेंडू दिला होता, दाबायला. ह्यांनी तो डाव्या हातानं उचलून खिडकीबाहेर फेकला. मी आणला. पुन्हा फेकला. शेवटी शेजारचं कुत्रं घेऊन गेलं, आणि मला मनातून बरं वाटलं.

त्या पावसाळ्याचं मला काही सांगता येणार नाही. पाऊस पडला असेल. मी पहाटे उठत होते, ह्यांना उठवून बसवत होते, न्हाऊ घालत होते, भाकरी थापून शाळेत जात होते, मधल्या सुट्टीत धावत घरी येऊन पुन्हा जात होते. आमची एकुलती एक लेक नाशिकला नोकरीला. ती येऊन राहायची, जायची, फोनवर रडायची. मीच तिची समजूत काढायची. लोक म्हणायचे, बाई खंबीर आहेत. खंबीर कसली डोंबलाची. बसायला सवड नव्हती म्हणून उभी होते. आणि सगळ्यात जड काय, तर ह्यांचं गप्प राहणं. जीभ सुटली होती, बोलता येत होतं, पण हे बोलतच नव्हते. भिंतीकडे तोंड करून पडून असायचे.

मग महालक्ष्म्या उठल्या, पितर जेवून गेले, मोटारी जळायला लागल्या, आणि एका संध्याकाळी रफिकभाई आले. दुकानाचं सांगता सांगता म्हणाले, "काल कॅनॉलकडून गेल्तो. पाणी निवळलं बरं का, मिस्त्री. बाभळी दिसून राह्यल्यात."

ह्यांनी तोंड इकडे केलं. म्हणाले, "चरखी आणायची."

वैशाखापासून ह्यांनी स्वतःहून मागितलेली ही पहिली गोष्ट. मी स्वयंपाकघरात होते. हातातलं उलथनं तसंच धरून दारात आले. रफिकभाई माझ्याकडे बघत होते आणि मी त्यांच्याकडे. ह्यांना पुन्हा पाण्यावर जायचं होतं. आपल्या हातानं तो लाकडी मासा बाभळींच्या पलीकडे टाकायचा होता. एवढंच पाहिजे होतं त्यांना, आणि त्याखेरीज दुसरं काहीच नको होतं, औषधसुद्धा.

तेव्हापासून दिवाळीपर्यंत आमच्या घरात चरखीशिवाय विषय नव्हता. वधूसंशोधनाला एवढी चर्चा झाली नसेल. मोबाईल स्टीलच्या डब्याला टेकवून ठेवायचा आणि हे बघत बसायचे. कुठल्या तरी थंड मुलखातली तळी, लोकरीच्या टोप्या घातलेले गोरे लोक, आणि लांबट, दातेरी तोंडाचा, मगरीच्या पिल्लासारखा मासा. ते लोकसुद्धा असेच मोठमोठे लाकडी मासे फेकत होते. फेकून फेकून दमत होते आणि दिवसभरात एकही मासा लागत नव्हता तरी हसत होते. "बघ," हे मला म्हणायचे, "तिकडंबी असेच येडे हायेत." मला त्या गोऱ्यांचा हेवा वाटायचा. हसता येईल असंही दमणं असतं, ते मी विसरले होते.

चरख्यांच्या दोन जाती असतात, हे मला त्या हंगामात कळलं. एकीतून तंगूस पुढच्या बाजूनं आपोआप सुटत जातो. ती हलकी, शिकायला सोपी, एका हाताचा माणूसही फेकू शकतो. पण तिला बारका, हलका लाकडी मासा लावायचा. जड लाकूड बांधलं की तिचे दात गेलेच. दुसरी जात आडव्या पिंपाची, तंगूस त्या पिंपावर गुंडाळलेला. अंग सगळं धातूचं, आत पितळेची दातेरी चाकं, वर्षानुवर्षं झिजत नाहीत. जड मासा फेकावा तर हिनंच. फक्त तिची एक अट असते. फेकल्यावर तिचं पिंप गरगर फिरतं आणि मासा पाण्याला टेकायच्या बेताला त्यावर अंगठा दाबावा लागतो. अंगठा चुकला की मासा थांबतो पण पिंप थांबत नाही, आणि तंगुसाचा असा गुंता होतो की बघणाऱ्याला रडू यावं.

अंगठा. सगळं त्या अंगठ्यावर येऊन थांबत होतं, आणि तो शब्द घरात कुणी उच्चारत नव्हतं.

रफिकभाई गोडीगुलाबीनं सांगून बघायचे. "हल्की घेऊ न, मिस्त्री. आजकाल हल्कीबी मजबूत येती. बारका मासा लावू, टाइमपास होईल."

"हलका माल म्हंजी ॲल्युमिनियम," हे म्हणायचे, आणि विषय संपायचा.

हे बाहेरच्या माणसाला कळणार नाही. वाइंडिंगच्या धंद्यात वजनावर सगळा भरवसा. चांगली मोटार तांब्याच्या तारेची, म्हणून जड. कुणी फसवून ॲल्युमिनियमची तार भरली की मोटार उचलल्याबरोबर हाताला कळतं. उभ्या जन्मात ह्यांनी पंखा घेतला तो उचलून, कुकर घेतला तो उचलून, मिक्सर घेतला तो उचलून. मला बघायला आले तेव्हा काय उचलून बघितलं नाही एवढंच. जड ते टिकाऊ, हलकं ते लबाड. आता ज्या हातानं उचलून बघायचं तो हातच उरला नव्हता, पण नियम तोच होता. बारकं, हलकं घेणं म्हणजे स्वतः ॲल्युमिनियमचे झालो असं कबूल करणं.

एकदा रफिकभाईंना दारापर्यंत सोडायला गेले तेव्हा ते चपला घालता घालता थांबले. "वहिनी, तुम्ही सांगा त्यांला. जड चरखीनं फेकवत न्हाई आता. अंगठा चालत न्हाई बिलकुल."

"तुम्ही सांगा की. दोस्त तुमचा आहे."

"दोस्ताला सांगवत न्हाई म्हणून तर तुम्हांला सांगून राह्यलो," म्हणाले, आणि मोटारसायकलला किक मारून गेले. मी दारात उभी. समोरच्या घराच्या ओसरीत कापसाचा ढीग होता आणि त्यात त्यांची मांजर झोपली होती. मला त्या मांजराच्या जागी झोपावंसं वाटलं.

शेवटी एका रविवारी लेक आली, ती ह्यांच्याजवळ थांबली आणि मी रेल्वेनं संभाजीनगरला गेले. खिडकीतून बघत होते. कापूस फुटलेला, ज्वारी पेरायला रान तयार केलेलं, मोसंबीच्या बागा. बाहेर सगळं आपापल्या वेळेवर चाललेलं बघून मला थोडा रागच आला. दुकान एका बोळात होतं, वयस्कर दुकानदार, भिंतभर रॉड. तिथं गेल्यावर मी ताकाला जाऊन भांडं लपवायला लागले. घरचं काही सांगितलं नाही. टिकाऊ चरखी दाखवा म्हणाले, जड लाकडी मासा फेकायचाय.

त्यांनी दोन काढून काचेवर ठेवल्या. एक हलकी, काळी, चकचकीत. एक आडव्या पिंपाची, पोलादी रंगाची. जड चरखीच्या बाजूची टोपी खोलून त्यांनी मला आतली पितळेची चाकं दाखवली. दांडा फिरवला तर आत काही तरी हळूच, गुळगुळीत सरकत होतं. कुठं अडखळणं नाही. "ही नातवापर्यंत जाईल," ते म्हणाले. मी डाव्या हातात हलकी आणि उजव्या हातात जड घेतली आणि उभी राहिले. डावीकडे खरं होतं. तुमचा अंगठा गेला, आता हेच. उजवीकडे खोटं होतं. तुम्ही होता तसे होणार. किती वेळ उभी होते कोण जाणे. दुकानदारांना वाटलं असेल बाई भाव पाडणार.

मग त्यांनी विचारलं, "फेकणारे उजवे का डावखुरे?"

प्रश्न साधा होता. दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला विचारत असतील. पण माझ्या तोंडून गेलं, "उजवे."

एवढं म्हटल्यावर हलकी घेणं शक्यच नव्हतं. येताना गाडीत चरखीचा खोका मांडीवर होता. शेजारची म्हातारी म्हणाली, "मोसंब्या का गं, लेकी?" मी हो म्हणाले. त्या दिवशी मी जे विचारतील त्याला हो म्हणत होते.

ह्यांनी ती डाव्या हातात घेऊन तोलली. वर-खाली, वर-खाली. वैशाखापासून पहिल्यांदा त्या तोंडावर पूर्वीचा मिस्त्री दिसला. "बराबर," म्हणाले. "ही खरी." मग रॉडला ती बसवून घेतली, रॉड बाजेवर आडवा ठेवला आणि उजवा हात डाव्यानं उचलून दांड्यावर नेऊन ठेवला. दांडा फिरला नाही. दुसऱ्या दिवशी थोडा हलला. मी शाळेतून यायची तेव्हा ओसरीतून आवाज यायचा, पितळेवर पितळ सरकल्याचा, थांबत थांबत. जो हात डॉक्टरांच्या चेंडूला दाद देत नव्हता तो चरखीचा दांडा फिरवायला शिकला. अंगठा मात्र आडवाच राहिला.

दसरा झाला, दिवाळीची साफसफाई निघाली, आणि एका सकाळी रफिकभाई ओळखीच्याची गाडी घेऊन आले. ह्यांना मधे बसवलं, प्लास्टिकची खुर्ची मागे टाकली. बॅकवॉटरला पोचलो तेव्हा ऊन वर आलं होतं. पाणी इतकं निवळलं होतं की काठाजवळचे गोटे मोजता आले असते. बाभळींच्या काळ्या शेंड्यांवर पाणकावळे पंख वाळवत बसले होते. पाणी उतरलेल्या गाळाचा थंड वास येत होता. खुर्ची काठाला टेकवून ह्यांना बसवलं. लाकडी मासा बांधला. रफिकभाई म्हणाले, "जरा तिकडली बाजू बघून येतो," आणि गेले ते पार लांब, ठिपक्याएवढे झाले.

ह्यांनी डाव्या हातानं रॉड मागे नेला आणि फेकला. मासा खुर्चीसमोर, हातभर अंतरावर, चिखलात पडला. एवढं जड एका हातात पेलायचं तर डावा अंगठा पिंपावर न्यायला मोकळा नव्हता. पिंप गरगरत राहिलं आणि तंगुसाचा गोळा झाला.

मी मांडी घालून बसले आणि गुंता सोडवला. लेकीचे केस विंचरायची सवय होती. ह्यांनी पुन्हा फेकला. पुन्हा गोळा. मी पुन्हा सोडवला. ह्यांचा घाम मानेवरून उतरत होता आणि मी पुसत नव्हते, कारण पुसला तर तो घाम आहे हे दोघांनाही मान्य करावं लागलं असतं. असं होत होत ऊन डोक्यावर आलं. माझी नखं तंगुसानं चिरली होती.

"तुला म्हाईत होतं," हे पाण्याकडे बघत म्हणाले.

"हो."

"मंग हीच का आणली?"

"दुकानदारानं विचारलं, उजवे का डावखुरे. माझ्या तोंडून उजवे गेलं."

एक पाणकावळा उडून दुसऱ्या शेंड्यावर बसला. मला वाटलं आता हे भिंतीकडे तोंड फिरवतील, आणि इथं भिंत नाही, तर पाण्याकडे पाठ करतील, आणि मग मला काहीच करता येणार नाही. मी इतकी दमले होते की रडूही येत नव्हतं.

"टाक तू," हे म्हणाले.

"मी?"

"मंग कोन, रफिक? त्यो पळाला. उठ. अंगठा पिंपावर ठेव. मासा सुटला का अंगठा ढिला कर, पार सोडू नको. पाण्याला टेकायच्या आधी दाब."

मी टाकला तो मागच्या झुडपात अडकला. दुसरा थेट आभाळात गेला आणि पायाशी आला. हे ओरडले. लकव्याआधी दुकानात ओरडायचे तसे, आवाज चढवून. "अंगठा! बाई, अंगठा!" मला राग आला, कारण एवढ्या महिन्यांत माझ्यावर कुणी ओरडलं नव्हतं, सगळे बिचारी बिचारी करत होते. त्या रागात मी पदर खोचला आणि जोरात फेकला. मासा गेला. बाभळीपर्यंत नाही, पण गेला. माझा अंगठा भाजल्यासारखा झाला, पिंप थांबलं, गुंता झाला नाही. मी रॉड ह्यांच्या हातात दिला. ह्यांनी तो डाव्या काखेत धरला आणि उजव्या हातानं दांडा फिरवायला सुरुवात केली, सावकाश, थांबत थांबत. खरा मासा काही लागला नाही. रफिकभाई लांबून परत येताना दिसले तेव्हा आम्ही दोघं भांडत होतो, ह्यांच्या मते मी अंगठा लवकर दाबला होता आणि माझ्या मते नाही.

तेव्हापासून दर हंगामात टाकणारी मी आणि ओढणारे हे. पुढे एकदा मोठा शिंगाडा लागला, रॉड वाकला, आम्ही दोघांनी मिळून धरला आणि चरखी कुरकुरलीसुद्धा नाही. मला मासे आवडत नाहीत. नवरात्रात तर आम्ही पाण्यात सोडूनच देतो. गल्लीतल्या बाया म्हणतात, "बाईंनी हे काय नवीन काढलं." वर्गातली पोरं फळ्यावर मासा काढून ठेवतात. आणि माझा रविवार, जो एक दिवस पाय पसरून पडायला मिळाला असता, तो उन्हात उभं राहण्यात जातो.

टिकाऊ वस्तूचं लोक कौतुक करतात. दुकानदार म्हणाले तसं, नातवापर्यंत जाईल. पण टिकणं म्हणजे काय, ते मला ह्या वर्षांत कळलं. तेच ते पुन्हा करायचं, तेच न्हाऊ घालणं, त्याच गोळ्या, तेच "हळू, हळू, काठी धरा". काही मोडत नाही म्हणून काही थांबतही नाही. मोडलं असतं तर लोक धावून आले असते. न मोडणाऱ्याकडे कोण बघतं? हे मी कुणाला बोलून दाखवत नाही. बोलले तर म्हणतील, नवरा जगला ते काय कमी झालं. ते कमी नाहीच. पण ते पुरेसं आहे असं दर सकाळी पाच वाजता वाटतंच असं नाही.

यंदा हंगाम आला, व्हार्निशचा वास आला, पाणी निवळल्याची बातमी रफिकभाईंनी आणली. मी वाट बघत होते, हे कधी म्हणतात, रविवारी जायचं. हे काठी टेकत आता दुकानात जाऊन बसतात, डाव्या हातानं मोटार तपासतात. काल संध्याकाळी मी भाकरी थापत होते आणि हे स्वयंपाकघरात येऊन पाटावर बसले.

"यंदा हलकी चरखी घेऊ," म्हणाले.

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. "जड मोडली का?"

"ती कशाला मोडती." तव्यावरची भाकर फुगत होती, तिच्याकडे बघत हे बोलत होते. "थापताना तुझा खांदा धरतो. दिसतं मला. हलकी असंल तर मी डाव्या हातानं टाकीन. बारका मासा लावीन. तू बस सावलीत निवांत."

त्या दुकानात काचेपुढं उभी राहून जे मला बोलता आलं नाही, ते ह्यांनी आपल्या तोंडानं, भाकरीच्या वाफेत, सहज बोलून टाकलं. हलकी, बारका मासा, डावा हात. मला खरं तर सुटल्यासारखं व्हायला हवं होतं. सावलीत बसायचं, पाय पसरायचे, कुणी तरी आपल्या खांद्याकडे बघितलं. ह्याचीच तर मी वाट बघत होते. डोळ्यांत पाणी आलंही. पण त्याच्या पाठोपाठ जे आलं, तो राग होता.

"आणि मोठे लाकडी मासे?"

"राहू दी डब्यात."

"का म्हणून?"

हे माझ्याकडे बघायला लागले. "दमली न तू?"

"दमले," मी म्हणाले. भाकर उतरवली, दुसरी टाकली. "लई दमले. तुम्ही हलकी घ्या, बारका मासा लावा, काय पाहिजे ते करा. पण जड चरखीला हात लावायचा नाही. तिच्यावर आता माझा अंगठा बसलाय."